उशीखालचा रोट

कानबाईवर माझी भक्ती पहिल्यापासून होती, पण भरवसा म्हणाल तर नव्हता. सासूबाई गेल्यापासून आमच्या मेहरूणच्या घरी जळगावात देवी बसवायचं माझ्याकडे आलं, आणि तेव्हापासून देवीनं काय करावं, केव्हा करावं आणि कुणाचं करावं हे बहुतेक मीच ठरवत आले. नैवेद्य दाखवून झाला की मी हात जोडून तिला कामांची यादी सांगायची आणि पुढच्या श्रावणात त्याचा हिशेब मागायची. अशा बाईला देवीनं एकदा तरी वठणीवर आणायलाच हवं होतं. तिनं ते नव्वद सालानंतरच्या एका श्रावणात, धुळ्याच्या एका दवाखान्यात आणलं. हे मी लिहून काढावं असं आमचे हे म्हणाले, कारण तोंडी सांगताना दर खेपेला गोष्ट थोडी थोडी माझ्या बाजूला कलते, अशी त्यांची तक्रार आहे. ती खरी आहे.

आधी रोटाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. खान्देशात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई बसते. तिच्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, ते दळून त्या पिठाचे गूळ घालून जाड रोट करायचे. रीती घरागणिक वेगळ्या, पण आमच्याकडे तीन गोष्टी पक्क्या. रोट फक्त भाऊबंदांनी खायचा, बाहेरच्याला त्यातला कणही द्यायचा नाही. पीठ पौर्णिमेचा चंद्र उगवायच्या आत संपवायचं. आणि शेवटचा रोट पौर्णिमेच्या दिवशीच घरातल्या थोरल्या बाईनं मोडायचा, पहिला घास तिनं घ्यायचा. सासूबाईंनी हे मला इतक्या वेळा सांगितलं होतं की लग्न झालेल्या माझ्या स्वतःच्या लेकीलासुद्धा मी रोटाच्या ताटावरून उठवलं होतं, तुझं कूळ आता वेगळं म्हणून. ती रडली होती. मला मात्र आपण फार मोठं काही राखलं असं वाटलं होतं.

आता दुखण्याचं. दोन-तीन वर्षं मला उजव्या बरगडीखाली कळ यायची. भरीत-पुरी झाली की हमखास. मी ते पित्त म्हणून सोडून द्यायची, सोडा पिऊन पडून राहायची आणि विचारलं तर कंबर दुखते म्हणायची. घरच्यांपासून लपवायचं कारण माझी आई. तिलाही अशीच कळ यायची, आणि ते पित्ताच्या पिशवीतले खडे निघाले होते. त्या काळी हातभर पोट फाडून खडे काढत. आईची जखम भरलीच नाही. पंचवीस दिवस ती खाटेवर होती आणि सव्विसाव्या दिवशी आम्ही तिला उचलली. तेव्हापासून मी ठरवून टाकलं होतं की आपल्या पोटाला कुणाला हात लावू द्यायचा नाही. पण त्या आषाढात एका सकाळी माझी जाऊ कमल माझ्याकडे बघून म्हणाली, "अक्का, तुमना डोया हयदना मायक काबर दिखी राहिनात?" आरशात पाहिलं तर खरंच हळदीसारखे पिवळे. झाकायचं म्हटलं तरी डोळे कुठे झाकणार? जळगावच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि सांगितलं, पित्ताच्या पिशवीत खडे आहेतच, पण एक खडा निसटून नळीत अडकलाय. इथे आम्ही पोट उघडून काढू, पण धुळ्याला दर गुरुवारी नाशिकहून एक सर्जन येतात, ते दुर्बिणीनं काढतात. चार भोकं, बस्स. पोट फाडायचं नाही एवढं ऐकलं आणि मी पिशवी भरायला घेतली.

जळगाव-धुळे एस.टी.नं. एरंडोल गेलं, पारोळा आलं, आणि रस्ता असा की प्रत्येक खड्ड्याला माझ्या तोंडून देवीचं नाव निघायचं. हे शेजारी बसून म्हणाले, "असेच खड्डे धुळ्यापर्यंत मिळाले तर ऑपरेशन लागायचं नाही, खडा आपसूक पडेल." अशा माणसाबरोबर मी तीस वर्षं काढली आहेत.

सर्जन वयानं माझ्या मोठ्या मुलाएवढे. फोटो उजेडाला धरून त्यांनी सगळं समजावून सांगितलं. दुर्बिणीचं ऑपरेशन साधेल की नाही, हे बऱ्याच गोष्टींवर असतं म्हणाले. नळीतला खडा केवढा, किती आहेत, नळी पुरेशी रुंद आहे का. कावीळ किती दिवसांची. ताप आलाय का, कारण ताप म्हणजे आत पू धरला. पूर्वी पोटाचं काही ऑपरेशन झालंय का, आतडी चिकटलीत का. साखर, रक्तदाब, वजन, वय. हे सगळं जुळलं तर दीड-दोन तासांत काम होतं. नाही जुळलं तर मध्येच दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडावं लागतं, तशी सही आधीच लागेल. हे मध्येच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मुलीच्या लग्नात छत्तीस गुण पाहिले, तेही इतके कडक नव्हते." डॉक्टर हसले. मी नाही हसले, कारण मी मनातल्या मनात गुण मोजत होते. वय मी दोन वर्षं कमी सांगितलं. दुखणं या आषाढातलंच म्हणाले. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन सांगायचं राहूनच गेलं, ते यांनी सांगितलं. ताकाला जाऊन भांडं लपवणारी बाई आहे मी, हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं असावं. निघताना ते म्हणाले, "आणि एक राहिलं. पेशंट किती खरं बोलतो, त्यावरही पुष्कळ असतं." मला राग आला. हल्लीच्या पोरांना मोठ्यांशी कसं बोलावं कळत नाही, असं मी पायऱ्या उतरताना ह्यांना ऐकवलं.

तारीख मिळाली पुढच्या गुरुवारची. मी पंचांग आठवलं, तर तो गुरुवार म्हणजे राखी पौर्णिमा. मी डॉक्टरांना आठवडाभर पुढे ढकला म्हणून पाहिलं. ते म्हणाले, "खडा पंचांग बघत नाही, अक्का. उशीर झाला तर ताप येईल, आणि ताप आला तर मी भोकांची खात्री देणार नाही." तूप, तेल, तळलेलं बंद. रोज मुगाचं पाणी आणि उकडलेला भोपळा.

घरी आले तर कानबाई दोन दिवसांवर. गहू आधीच मोजून दळून आणलेले. सुरतेला आमचे चुलत दीर आहेत, त्यांची मुलं-नातवंडं धरून अकरा पुरुष. त्यांच्याही मुठी मी घेतल्या होत्या. एक तर महिन्याचं बाळ होतं, त्याचीही सव्वा मूठ. आणि शनिवारी निरोप आला, तापीला पूर आला, गाड्या बंद, आम्ही काही येत नाही. अकरा जणांचं पीठ डब्यात आणि खाणारी माणसं घरातली सात, त्यात मी मुगाच्या पाण्यावरची. रविवारी देवी बसली, सोमवारी वाजतगाजत मेहरूणच्या तलावात गेली, आणि मग सुरू झालं ते रोट संपवणं. सकाळी रोट, दुपारी रोट, संध्याकाळी रोट. मी पाटावर बसून कुणी किती खाल्ला ते बघायची. मंगळवारी दीर शेतावर जातो म्हणून गेले ते रात्रीपर्यंत उगवले नाहीत. ह्यांचं पोट बिघडलं, ते परसात जाऊन येऊन असायचे. मी मात्र तोंडाला चव म्हणून कण लावायची तेवढाच. त्या चार दिवसांत मी किती सोशिकपणे वागले, ते मी देवीला रोज ऐकवत होते.

बुधवारी धुळ्याला दवाखान्यात भरती झाले. सोबत हे आणि कमल. आणि कमलच्या पिशवीत स्टीलच्या डब्यात, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला, तूप लावलेला शेवटचा रोट. तो उद्या पौर्णिमेला मी मोडायचा आणि मग कमलनं आणि ह्यांनी संपवायचा, असं ठरलेलं. संध्याकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई येऊन बजावून गेल्या, आता काही खायचं नाही, सकाळी पाण्याचा थेंबही नाही. मी मान डोलावली. रोट माझ्या हिशेबात खाण्यात येतच नव्हता. प्रसादाला खाणं कोण म्हणतं? तुळशीचं पान, तीर्थ, अंगारा, यांना कुणी जेवण म्हटलंय का? सासूबाई म्हणायच्या, रोट मोडल्याशिवाय पौर्णिमा गेली तर घराला खोट येते. टेबलावर झोपायच्या आधी घरावर खोट कोण घेईल?

गुरुवारी उजाडलं. हे चहाला खाली गेले. मी खाटेवर मांडी घालून डबा उघडला, देवीचं नाव घेतलं आणि रोट मोडला. पहिला घास घेतला. कमलपुढे डबा केला तर तिनं दोन्ही हात गळ्याशी नेले. "मना गयापावत उनं आते, अक्का. एक घास बी उतराव नही." मी म्हटलं, बरं, हे आल्यावर खातील. पण डबा हातात होता. आठवडाभर मुगाचं पाणी प्यायलेल्या बाईच्या हातात तूप लावलेला रोट होता, आणि खोली रिकामी होती, कारण कमल तोंड धुवायला गेली. इथे मला गोष्ट माझ्या बाजूला वळवायची नाही. पहिला घास रीतीचा होता. पुढचे माझे होते.

अर्धा रोट झाला असेल. तेवढ्यात दार लोटून आया आली, ऑपरेशनचा हिरवा झगा घेऊन. सुमनबाई तिचं नाव. बारीक, काळीसावळी, केसांचा घट्ट बुचडा. मी उरलेला अर्धा उशीखाली सरकवला, पण तोंड भरलेलं होतं. ती माझ्या बांगड्यांना पट्टी गुंडाळायला वाकली आणि थांबली.

"अक्का, तोंडमा काय शे?"

मी मान हलवली, काही नाही. तिनं लहान मुलापुढे धरावा तसा हाताचा पंजा माझ्या हनुवटीखाली धरला.

"थुंका. मना हातवर थुंका."

कानबाईचा रोट आणि थुंकायचा! मी तिच्या डोळ्यांत बघत गिळला. तिनं उशी उचलली, अर्धा रोट फडक्यासकट घेतला आणि बाहेर गेली. मी मागून ओरडले, "कानबाईना रोट शे तो! बाहेरना मानूसले चालत नही!" पण ती सरळ डॉक्टरांच्या खोलीत शिरली. इतकी चहाडखोर बाई मी जन्मात पाहिली नव्हती. आमच्यातल्या आमच्यात मिटवायची गोष्ट तिनं चारचौघांत नेली, असं मला वाटत होतं.

मग सगळे जमले. भूल देणाऱ्या बाई आधी आल्या. त्यांनी विचारलं, सकाळपासून काही खाल्लंत का? मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, मग हे काय? मी म्हटलं, तो प्रसाद आहे. त्यांनी कपाळाला हात लावला. सर्जन मात्र शांत खुर्चीत बसले आणि माझ्याकडे बघत राहिले, ते मला जास्त लागलं. "खडा लहान आहे," ते म्हणाले. "एकच आहे. नळी चांगली रुंद आहे. ताप नाही, साखर नाही. इतकं जुळलेलं पेशंट मला महिन्यात एखादं मिळतं. मी सगळं धरलं होतं, अक्का. फक्त रोट धरला नव्हता." मागे कमल फिसकन हसली आणि मग तिलाच रडू आलं. ऑपरेशन पुढच्या गुरुवारवर गेलं, आणि तोवर मला दवाखान्यातच ठेवून घेतलं. त्यांच्या गाडीत दुर्बिणीच्या पेट्या परत चढल्या, ते मी खिडकीतून बघितलं. आईची खाट डोळ्यांपुढे आली. आठवडा. एका आठवड्यात काय होणार नाही?

जरा भानावर आल्यावर कमलला दुसरंच सुचलं. अर्धा रोट परक्या हातात गेला होता आणि आज पौर्णिमा. ह्यांना सुमनबाईच्या शोधात पाठवलं. ते दोन मजले उतरून-चढून, मधे एकदा संडासाला जाऊन परत आले आणि म्हणाले, तिचं काम आटोपलं, ती घरी गेली. तिच्या घराचा पत्ता काय आणि रोट परत मागायचा कुठल्या तोंडानं, हे त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी ती केर काढायला आली तेव्हा मी कोरड्या आवाजात विचारलं, रोटाचं काय केलं?

"खाई टाकं मी," ती म्हणाली. "सकायपाईन मना पोटमा काही नव्हतं. अन्न फेकानं का मंग?"

चाळीस वर्षं, सासूबाईंची आणि माझी मिळून, एक कण घराबाहेर गेला नव्हता. आणि त्याच संध्याकाळी मला थंडी वाजून ताप आला. डॉक्टरांनी ज्याची धास्ती घेतली होती तो हाच ताप. नळीत खडा अडकला की येतो, त्याला देवी लागत नाही, हे मला आज कळतं. तेव्हा मला एकच कळत होतं, कानबाई कोपली. सलाईन चढलं, त्यातून इंजेक्शनं सुरू झाली. दोन दिवस मी तापात बडबडत होते. आमचे हे सांगतात की मी देवीशी भांडत होते. सासूबाईंना मध्ये घालत होते, सुरतेच्या लोकांवर दोष ढकलत होते, तापीच्या पुराचंही नाव घेतलं म्हणे. त्या दोन दिवसांत कमलला घराकडे परतावं लागलं आणि हे तर स्वतःच अर्धे पेशंट होते. कपाळावर पाण्याची घडी बदलायला बसली ती सुमनबाई. केर काढायचा, बाकीच्या खाटा बघायच्या, आणि येता-जाता माझी घडी पिळायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ताप उतरला त्या दुपारी मी तिला विचारलं, तुला माझं तोंड भरलेलं दिसलंच कसं? ती खाली फरशीवर टेकली आणि सांगू लागली. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गावी, दुसऱ्या दवाखान्यात ती कामाला होती. एक तरणी बाई ऑपरेशनला आली होती. उपाशीपोटी चक्कर येईल म्हणून सासूनं तिला गुपचूप दोन घास भरवले. सुमनबाईनं पाहिलं होतं. मोठ्या घरची माणसं, आपण कशाला बोलावं म्हणून ती गप्प बसली. भूल दिल्यावर पोटातलं अन्न उलटून वर आलं आणि श्वासाच्या नळीत गेलं. ती बाई परत खाटेवर आलीच नाही. "तव्हळपाईन मी पेशंटना तोंडकडे देखस," ती म्हणाली. तूप लावलेला अर्धा रोट माझ्या पोटात होता आणि मी टेबलावर आडवी व्हायला निघाले होते. मग बोलता बोलता तिनं आणखी एक सांगितलं. त्या गुरुवारी आमच्या मजल्यावर तिचं काम नव्हतंच. त्या मजल्यावरची आया राखी बांधायला दहा दिवसांची सुट्टी घेऊन शिरपूरला भावाकडे गेली, म्हणून हिला वर पाठवलं होतं.

यात चमत्कार आहे असं मी म्हणत नाही. आमचे हे म्हणतात, सुट्टीचा अर्ज होता, त्यात देवी कुठे आली? असेल. पण ज्या पौर्णिमेला मी डॉक्टरांपुढे अडचण म्हणून मांडत होते, तिनंच त्या बाईला माझ्या खाटेपाशी आणलं. माझी अख्खी यादी देवीनं बाजूला ठेवली. न मागितलेलं एकच माणूस पाठवलं, आणि मी त्याला चहाडखोर म्हटलं.

मी तिला विचारलं, तुला भीती नाही वाटली रोट खाताना? दुसऱ्याच्या कुळाचा देव. ती हसली. "आम्ही देवी मानतस नही, अक्का. आमना घरमा बुद्धवंदना ऱ्हास. पन अन्न मानतस. आनि गोड भलतं व्हतं वं ते. इतलं गोड नका करत जाऊ." सासूबाईंच्या रोटाला नाव ठेवणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं होतं. राग यायला हवा होता. मला इतकं हसू आलं की बरगडीखाली कळ आली.

पुढचा गुरुवार आला. आदल्या दिवशी मी सर्जनांना आपण होऊन सगळं सांगितलं. खरं वय, दुखणं तीन वर्षांचं, आईचं कसं झालं ते. ते लिहून घेत होते. म्हणाले, ताप येऊन गेलाय, आतली सूज वाढली असेल, आता पूर्वीइतकं सोपं नाही, उघडावं लागलं तर उघडीन. मी म्हटलं, तुम्हाला जे ठीक दिसेल ते करा. सकाळी सुमनबाई झगा घेऊन आली. तिनं हनुवटीखाली पंजा धरला आणि मी मोठ्ठा आ करून दाखवला, कोरडा ठणठणीत. ती मला ढकलगाडीवर नेत असताना मी सवयीनं हात जोडले, यादी सांगायला. आणि सांगायचं काही सुचेनाच. भोकं चार की हातभर चीर, जगणं की आईसारखं जाणं, यातलं काहीच माझ्या हातात नव्हतं. ते कधी नव्हतंच, फक्त त्या दिवशी मला ते दिसलं. मी एवढंच म्हटलं, बाई, तुझं तू बघ. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या कामात लुडबुड केली नाही. मग नाकावर काहीतरी ठेवलं आणि मी गेले.

जागी झाले तेव्हा आधी पोट चाचपलं. चार पट्ट्या. तीन तास लागले म्हणे. चिकटलेलं होतं, रक्त आलं, डॉक्टरांनी दोनदा दुर्बीण बाहेर काढून विचार केला आणि दोनदा परत आत घातली. त्यांच्या हाताला यश होतं, आणि वेळेवर दिलेल्या औषधानं ताप उतरला होता. देवीचा वाटा किती आणि त्यांचा किती, हे मी वाटत बसत नाही. त्यांनी बाटलीत घालून आठ खडे दिले, नळीतला वेगळ्या कागदात. हरभऱ्याएवढा. एवढ्याशा गोष्टीनं माझी इतकी शोभा केली. ती बाटली ह्यांनी जळगावला नेऊन मला भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दाखवली, चहाच्या आधी. कमलनं विचारलं, यांचं विसर्जन करायचं असतं का? डॉक्टरांनी मला घरी सोडताना मात्र बजावलं होतं, "ही गोष्ट सांगायची तर पूर्ण सांगा. नाहीतर ऑपरेशनच्या दिवशी लोक रोट खाऊन माझ्या दारात उभे राहतील." म्हणून हेही लिहिते. मी जगले ती रोट खाल्ल्यानं नाही, तो खाताना सापडल्यानं.

वर्ष सरलं. पुन्हा श्रावण, पुन्हा गहू. मी सुपापाशी बसून एकेक नाव घेत मुठी टाकत होते आणि कमल बोटांवर मोजत होती. घरातले झाले, सुरतेचे अकरा झाले, तिकडे एक नवा पाळण्यात आला होता तो झाला. मग मी आणखी सव्वा मूठ टाकली.

"हाई कोना नावनी वं?" कमलनं विचारलं.

"सुमनबाईना."

"ती बाई शे. नि आपला कुळनी बी नही."

मी म्हटलं, कमल, अर्धा रोट तिच्या पोटात गेलाय. आता ती कुळाची नाही तर कोणाची? सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या ते मला ठाऊक आहे. त्या रात्रभर झोपल्या नसत्या. पण देवीचा रोट घराबाहेर जाऊ नये, असं त्या म्हणायच्या. घर कुठपर्यंत धरायचं, हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, आणि मी कधी विचारलं नव्हतं. लेकीलाही निरोप धाडला, यंदा रोटाला ये. तिनं फोनवर दोनदा विचारलं, नक्की रोटालाच ना? मग म्हणाली, येते.

पौर्णिमेला सकाळच्या एस.टी.नं मी धुळ्याला गेले, मांडीवर तोच स्टीलचा डबा. गूळ कमी घातला होता. शेवटचा रोट मोडायचा म्हणून तोंडात काही घेतलं नव्हतं. सुमनबाई दवाखान्याच्या मागल्या पायरीवर बसली होती. मला बघून तिनं पदराला हात पुसले, शेजारी जागा केली, आणि डबा उघडायच्या आधी सवयीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"अक्का, सकायपाईन काही खादं का?"

"नही," मी म्हटलं. या खेपेला ते खरं होतं.

"मंग बसा," ती म्हणाली, आणि तिनं हाताचा पंजा पुढे केला. रोट मी मोडला आणि पहिला घास, रीत बाजूला ठेवून, त्या पंजावर ठेवला.